अहेव नवमीची सवाष्ण

आजी माघात गेली आणि घरातल्या प्रत्येकाला लगेच एकेक वेगळी आजी आठवायला लागली. बेबीआत्याची आई म्हणे फार सोशिक होती, आयुष्यात कुणाला उलट बोलली नाही. हे साफ खोटं आहे. भाजीवाल्यापासून आजोबांपर्यंत आजीने कुणाला सोडलेलं मला आठवत नाही. माझ्या आईची सासू शिस्तीची होती. अमरावतीहून दहाव्याला आलेले पाहुणे तेराव्यापर्यंत भेडाघाट बघून आले, आणि त्यांची सत्यभामाकाकू अन्नपूर्णा होती, कारण जबलपूरला आलेल्या माणसाला ती जेवल्याशिवाय हलू देत नसे. मी हे सगळं ऐकून घेत होते आणि मनातल्या मनात चिडत होते. माणूस गेला की त्याला धुऊन, इस्त्री करून ठेवायची एवढी काय घाई असते, कोण जाणे.

एकटे बापू, म्हणजे माझे आजोबा, यात नव्हते. त्यांचं एकच वाक्य होतं.

"उपाशी गेली ती."

शेवटच्या दिवसांत आजीच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं बजावलं. एका दुपारी आजीने खुणेने बापूंना जवळ बोलावून कढी-भात मागितला. बापूंचा जन्म फॅक्टरीत साहेबाचा हुकूम पाळण्यात गेलेला. ते म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणते." आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नंतर काही मागितलंच नाही.

"बापू, नळीतून सगळं पोटात जात होतं ना," मी समजवायची.

"नळीतून पेट्रोल जाते," बापू म्हणायचे. "जेवण तोंडानं होत असते."

पुढे पुढे त्यांना त्याहून मागचं आठवायला लागलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि मी ऑफिसातून आले की मला थांबवायचे. "क्षमा, मी तिले कधी जेवताना पाहिलंच नाही. मी जेवून उठलो की ती बसे. का खाये, किती खाये, काही माहीत नाही. तुले माहीत आहे का?" मलाही माहीत नव्हतं. आजी सगळ्यांच्या शेवटी स्वयंपाकघरात बसून एखादी पोळी खायची, तीही उभ्या उभ्या खाल्ल्यासारखी. आजीचं पोट चिमणीचं, असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे. म्हाताऱ्याची मला कीव यायची आणि रागही यायचा. इतकी वर्षं मान वर करून बघितलं नाही, आणि आता विचारतात.

मग पितृपक्ष आला. अहेव नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. ती जेवली की गेलेली जेवली. ती अर्धपोटी उठली, तर गेलेलीही अर्धपोटी. बापू काही देवदेव करणारे नव्हेत. गणपतीसमोरही ते वर्गणीच्या पावतीएवढेच हात जोडतात. पण या नवमीला मात्र ते बुडत्या माणसासारखे चिकटले. बायकोला एकदा पोटभर जेवताना बघायचंय, हे त्यांनी घरात जाहीर करून टाकलं.

आता सवाष्ण कोण? आई विधवा. मी नवरा सोडून माहेरी आलेली, त्यामुळे माझा नंबर कुठल्याच यादीत लागत नाही. बेबीआत्या नागपूरहून खास आली होती, पण ती घरची लेक, तिला कसं बसवणार? आत्याने नेपियर टाउनच्या विनताताईंचं नाव काढलं. "आपल्यातली आहे, खाणारी बाई आहे. दोन वाट्या खीर सहज संपवते."

बापू म्हणाले, "नर्मदा."

आत्याने कपाळावर हात मारला. "बापू, काहीतरीच काय बोलून राहिले तुम्ही! तिले आपल्या घरचं पाणी तरी चालते का?"

नर्मदाबाई दुबे आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहतात. अधारतालला ही गल्ली वसली तेव्हापासून दुबे तिथे आहेत आणि आम्ही इथे. नर्मदाबाई आजीची मैत्रीण. गल्लीत आजीची अशी ती एकच. दुबेजी अजून आहेत, ऐकू येत नाही म्हणून घर दणाणेल एवढा टीव्ही लावून खाटेवर बसलेले असतात, त्यामुळे नर्मदाबाई सवाष्ण आहेत याची खात्री सगळ्या गल्लीला रोज पटते. पण या बाईने पन्नासेक वर्षांत आमच्या घरी एक घास खाल्ला नव्हता. माझ्या बारशाला स्वतः डबाभर लाडू आणले, आमचा पेढा हातात घेतला नाही. आत्याच्या लग्नात दिवसभर मांडवात राबल्या आणि पाणी प्यायला घरी गेल्या. "अभी पीकर आई हूँ," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आमच्या घरात त्याचा अर्थ कधीच लागलेला होता. ते ब्राह्मण, आपण कुणबी, आणखी काय! आत्याने तर या गोष्टीचा राग लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता.

आजीला मी एकदा विचारलं होतं, "काहून खात नाही गं ती आपल्याकडे?"

"तिची मर्जी," आजी म्हणाली. "तुले का कमी पडून राहिलं?" आणि विषय मिटला. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, की आजी पदर सारखा करून दुब्यांकडे निघायची ती चहाच्या वेळी परतायची. मला ते कधी आवडलं नाही. जिथे आपलं पाणी चालत नाही, त्या दारात रोज कशाला जायचं, असं मला वाटायचं.

तरी बापूंचा निरोप घेऊन मीच गेले. नर्मदाबाई ओसरीत गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं: नवमी आहे, तुम्ही आजीच्या जागी बसायचं, आणि पोटभर जेवायचं, कारण बापूंनी तेच मनात धरलंय. त्यांचा सुपातला हात थांबला.

"और किसी को नहीं बुला सकते, बिटिया?"

"बापू म्हणतात, तुम्हीच."

आतून दुबेजींनी ओरडून विचारलं, कोण आलंय. त्यांना उत्तर न देता नर्मदाबाई म्हणाल्या, "ठीक है। आऊँगी।"

मी घरी आले ती गड जिंकल्यासारखी. पन्नास वर्षांचं सोवळं माझ्या एका वाक्याने सोडवलं म्हणून आईकडून शाबासकीही घेतली.

नवमीला आई पहाटेपासून स्वयंपाकाला लागली. उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, पुरण, आणि बापूंनी दोनदा आठवण केलेली कढी. बापूंनी दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि आपली खुर्ची पाटाच्या बरोबर समोर आणून ठेवली. श्राद्धाच्या जेवणासमोर असं टक लावून बसायचं नसतं, असं आत्या म्हणाली. बापू हलले नाहीत.

नर्मदाबाई कडक खळीची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. आत्याने हळदकुंकू लावलं, साडी दिली, खणानारळाने ओटी भरली. त्यांनी सगळं पदरात घेतलं. पाटावर बसल्या. आईने ताट वाढलं, भातावर तूप सोडलं, कढीची वाटी ठेवली.

"लो, शुरू करो," बापू त्यांच्या फॅक्टरीतल्या हिंदीत म्हणाले.

नर्मदाबाईंनी भात कालवला. घास केला, उचलला, आणि हात छातीपर्यंत येऊन थांबला. त्यांनी घास ताटात ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबल्या. बापू खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांचे ओठ, लहान मुलाला भरवताना आईचे हलतात तसे हलत होते. मला ते बघवेना. तिसऱ्यांदा नर्मदाबाईंनी हात ताटाबाहेर घेतला आणि पदर डोळ्यांना लावला.

"नहीं होता, बाबूजी। सोचकर आई थी कि खा लूँगी। हाथ नहीं उठता।"

आणि बेबीआत्याचं मुरलेलं लोणचं बाहेर आलं.

"उठेगा कैसे?" ती म्हणाली. "पचास साल से देख रही हूँ, काकी। हमारे घर का पानी नहीं चलता आपको। मेरी शादी में प्यासी घूमती रहीं, पर हमारे गिलास को हाथ नहीं लगाया। अरे, अम्मा मर गई! आज तो जात छोड़ देतीं!"

नर्मदाबाईंनी पदर खाली घेतला. त्या रागावल्या नाहीत. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

"जात? कैसी जात? बिटिया, बेटी के घर का कोई खाता है क्या?"

"किसकी बेटी?"

"तेरी अम्मा। और कौन?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग नर्मदाबाई पाटावरच बसून सांगायला लागल्या, कधी आत्याकडे बघून, कधी बापूंकडे.

आजीला माहेर नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, काकाने वाढवली आणि उजवून दिली ती पुन्हा विचारलं नाही. एवढं आम्हाला माहीत होतं. या गल्लीत आली तेव्हा पहिल्यांदा गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आजीची सासू उठता बसता टोमणे मारायची की हिच्या बाळंतपणाला कोणी वाली नाही. नर्मदाबाई तेव्हा दुब्यांकडे नव्याने आलेल्या. त्यांच्या सासूबाईंनी, सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, एक दिवस आजीला नळावर रडताना पाहिलं. हात धरून घरात नेलं, मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, आजपासून ही तुझी बहीण. हिची जचकी आपल्या घरात होणार.

"तू हमारे अंदर वाले कमरे में पैदा हुई है, बेबी। मायके में हुई है। तेरे बाप की रात पाली थी।"

आत्या दुब्यांच्या घरी जन्मली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्याला शेजारधर्म समजत होतो. राखीला आजी दुबेजींना राखी बांधायची तेही ठाऊक होतं, पण गल्लीत कोण कोणाला राखी बांधत नाही! दुब्यांनी मात्र त्या दिवसापासून आमच्या घराला लेकीचं सासर मानलं, आणि लेकीच्या सासरी त्यांच्यात पाणीसुद्धा पीत नाहीत. बेबीआत्या जन्मभर ज्या घराला पाण्यावरून नावं ठेवत होती, ते तिचं आजोळ होतं.

"पण आजीने सांगितलं का नाही कोणाला?" मी विचारलं.

"सास से डरती थी। कहती थी, भौजी, मायका मिल गया पता चला तो दिवाली का माँगेंगे, संक्रांत का माँगेंगे, हर त्योहार पर हाथ फैलाएँगे। सास चली गई, तब मैंने कहा, अब तो बता दे।" नर्मदाबाई थोडं हसल्या. "बोली, रहने दो। इतने बड़े घर में एक चीज़ तो मेरी रहने दो।"

बापूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "वहाँ रोज आती थी," ते हळूच म्हणाले. "क्या करती थी?"

"खाती थी।"

"काय?"

"खाना खाती थी। दोपहर में आती, चूल्हे के पास बैठ जाती। अम्मा कहतीं, बिटिया ससुराल से आई है, पहला फुलका उसको दो। अम्मा नहीं रहीं तो मैं देती। बहू आई तो बहू। तवे से उतरा, घी लगा, सीधा थाली में। चार खाती थी। जाड़े में पाँच।"

आईने हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. "घरी तर एकच पोळी घेत होत्या," ती म्हणाली. "मले वाटे, माह्या हातचं आवडत नाही त्यायले." हे आईने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

बापू उठले. "क्षमा, चप्पल दे."

"कुठे चालले?"

"दुबेकडं."

आत्या भानावर आली. "बापू, ताट वाढलेलं आहे! सवाष्ण अशी उठवायची नसते!"

"उठून नाही राहिली ती," बापू म्हणाले. "माहेरी चालली. तू ते ताट गाईले घाल."

तीन घरांचं अंतर चालायला आम्हाला बराच वेळ लागला. एका बाजूने मी बापूंना धरलं होतं, दुसऱ्या बाजूला नर्मदाबाई भरली ओटी सांभाळत चालत होत्या. दारात पोचल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा बापूंना नात्याने, नणंदेचा नवरा म्हणून, हाक मारली. "आइए, नंदोई जी।"

आत दुबेजींनी टीव्हीवरून नजर काढली. "कौन है?"

"दामाद आए हैं!" नर्मदाबाई ओरडल्या.

"किसके?"

"तुम्हारे! तुम्हारी बहन के आदमी!"

दुबेजींना यात नवं काहीच वाटलं नाही. "इतने दिन बाद?" म्हणत ते खाटेवरून खाली उतरले आणि कमरेत वाकून बापूंच्या पायांना हात लावायला निघाले. बहिणीच्या नवऱ्याचा त्यांच्यात तो मान असतो. बापू गडबडून मागे सरकले आणि माझ्यावर आदळले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

बापूंना स्वयंपाकघरात जायचं होतं. चूल केव्हाच गेली, आता गॅसचा ओटा आहे. नर्मदाबाईंची सून कणीक मळत होती. बापूंनी विचारलं, "कहाँ बैठती थी?" नर्मदाबाईंनी ओट्याजवळची, दाराला लागून असलेली जमीन दाखवली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. साधी फरशी, आणि पाठ टेकून टेकून जिथला रंग गेला होता ती भिंत. बापूंनी भिंतीच्या त्या जागेवर हात ठेवला.

"यहीं बैठो," ते म्हणाले. "उसके नाम का यहाँ खाओ। आपके घर का।"

नर्मदाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या. सुनेने ताटलीत दोडक्याची भाजी आणि तुरीचं वरण वाढलं, तवा ठेवला. पहिला फुलका फुगून वर आला. सून तो ताटलीत टाकणार, एवढ्यात बापूंनी हात पुढे केला.

"मले दे."

"अरे, राम राम!" नर्मदाबाई अर्ध्या उठल्या. "दामाद परोसेगा? हमको पाप लगेगा!"

"मैं मेरी औरत को परोस रहा हूँ," बापू म्हणाले. "आप बीच में मत बोलो।"

त्यांनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि ओट्याशी बसले. बापूंनी जन्मात कोणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा नाही. त्यांना तूप लावता येईना. निम्मं तूप सदऱ्यावर सांडलं, फुलका हाताला पोळला तरी त्यांनी सोडला नाही. खाली वाकून त्यांनी तो ताटलीत ठेवला, भाजीच्या वरच. नर्मदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली. या वेळी हात थांबला नाही. दुसरा फुलका, तिसरा. बापू प्रत्येक घास बघत होते, चावताना, गिळताना. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नक्की कोणाचा ते मला आजही सांगता येणार नाही.

चौथा संपला तेव्हा नर्मदाबाईंनी ताटलीवर हात आडवा धरला. "बस।"

बापू पुढे वाकले. त्यांचा आवाज एवढा हळू होता की सुनेने गॅस बारीक केला.

"पेट भरा?"

नर्मदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. निदान थोडं गोड करून सांगता आलं असतं. पण त्या दिवशी त्या आजीच्या जागी बसल्या होत्या, आणि आजीने कधी कोणाची भीड ठेवली नाही.

"यहाँ तो रोज़ भरता था, नंदोई जी।"

बापूंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. सुनेने तेवढ्यात आणखी एक फुलका तव्यावरून काढून सवयीने त्यांच्यापुढे धरला. बापूंनी तो घेतला, नीट, कडेपर्यंत तूप लावलं, आणि आता तो कोणाला वाढायचा ते न कळून तसाच हातात धरून बसून राहिले.